स्टेंट मोकळा, तरी दम लागतोच: जाड झालेल्या हृदयस्नायूचं एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांचे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. बीपी बारा वर्षांपासून, साखर पाच वर्षांपासून. तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली. जूनमध्ये चालताना छातीत दाटायला लागलं म्हणून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीत, म्हणजे एलएडीत, ८० टक्के ब्लॉकेज निघालं. उजव्या धमनीत, आरसीएत, ५० ते ६० टक्के. एलएडीत औषधी लेपाचा स्टेंट बसला, खर्च जनआरोग्य योजनेतून भागला, तिसऱ्या दिवशी माणूस घरी आला. पहिले तीन-चार महिने उत्तम गेले. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला आणि डिसेंबरात दम लागायला लागला.

फेब्रुवारीत ते माझ्या ओपीडीत आले तेव्हा फाइल दोन बोटं जाड झाली होती. मधल्या काळात दुसरीकडे स्ट्रेस टेस्ट झाली होती, ती पॉझिटिव्ह आली होती. म्हणून जानेवारीत पुन्हा अँजिओग्राफी. स्टेंट स्वच्छ, मोकळा. आरसीएतल्या ब्लॉकेजचं प्रेशर वायरने मोजमाप झालं, त्यालाही हात लावायची गरज नाही असं ठरलं. ‘सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका’ असं सांगून घरी पाठवलं. काटाघराच्या दहा-बारा पायऱ्या चढल्या की मधे थांबावं लागत होतं, ते मात्र तसंच राहिलं.

“डॉक्टरसाहेब, स्प्रिंग बसवलीय, ती चालू पण आहे म्हणतात. मग हे काय?” हा त्यांचा प्रश्न. रास्त होता.

(लिहिण्याआधी एक खुलासा. हे हुबेहूब एका माणसाचं प्रकरण नाही. कोणाची ओळख पटू नये म्हणून सारख्याच धाटणीच्या काही रुग्णांची कहाणी इथे एकत्र केली आहे, आकडेही त्याच हिशेबाने बसवले आहेत. अभ्यासांचे उल्लेख मात्र खरे आहेत.)

उत्तर फाइलमध्येच होतं, जूनच्या टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये, चौथ्या की पाचव्या ओळीत: ‘माइल्ड कॉन्सेंट्रिक एलव्हीएच’. म्हणजे डाव्या जवनिकेची, हृदयाच्या मुख्य पंपाची, भिंत सगळीकडून सारखी जाड झाली आहे. त्याखाली ठळक अक्षरांत ‘इजेक्शन फ्रॅक्शन (म्हणजे पंपिंग) ६० टक्के’. ही ठळक ओळ सगळ्यांनी वाचली, वरची कोणी वाचली नाही. पंपिंग चांगलं आहे म्हटल्यावर हृदय चांगलं आहे असंच घरचे धरून चालतात, आणि खरं सांगायचं तर घाईच्या ओपीडीत डॉक्टरही तेच धरतात.

‘माइल्ड’ हा शब्द कुठून आला ते बघू. जवनिकांमधला पडदा १३ मिमी, मागची भिंत १३ मिमी. पुरुषांत १० मिमीपर्यंत नॉर्मल, ११ ते १३ माइल्ड. म्हणून सोनोग्राफरने माइल्ड लिहिलं. जाडीच्या तक्त्याप्रमाणे ते बरोबरच आहे. पण स्नायूचं एकूण वजन काढलं तर चित्र बदलतं. पोकळीचा व्यास होता ४८ मिमी. दोन्ही भिंती आणि पोकळी मिळून ७.४ सेंमी, त्याचा घन ४०५. त्यातून नुसत्या पोकळीचा घन, म्हणजे ११०.६, वजा केला की उरतो तो स्नायू. नेहमीच्या सूत्रातले गुणक लावून वजन येतं साधारण २४६ ग्रॅम. उंची १६५ सेंमी, वजन ७२ किलो, म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ १.८२ चौरस मीटर. भागिले तर १३५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. पुरुषांत ११५ च्या वर गेलं की स्नायू जाड धरतात (स्त्रियांत ९५), आणि १३२ पासून पुढे मध्यम दर्जाची वाढ. भिंतीची जाडी आणि पोकळी यांचं गुणोत्तर ०.५४, ०.४२ च्या वर गेलं की भिंत आतल्या बाजूला जाड होत चालली आहे असं समजायचं.

म्हणजे एकाच रिपोर्टमधले आकडे, भिंत माइल्ड सांगते आणि वजन मध्यम. बहुतेक इको मशीन हा हिशेब आपोआप करून देतात, पण छापील रिपोर्टवर तो आकडा क्वचितच येतो. मला विचाराल तर ‘माइल्ड’ लिहिण्यापेक्षा नुसता आकडा लिहावा. आकड्याला माणूस प्रश्न विचारतो, माइल्डला विचारत नाही.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या. डावा कर्णिका-कप्पा मोठा झालेला, ३८ मिली प्रति चौरस मीटर (३४ च्या आत हवा). आणि भरतानाच्या दाबाचा निर्देशांक, इ बाय इ-प्राइम, १६ (१४ च्या वर गेला की हृदय ताठ, आत दाब वाढलेला). जानेवारीच्या अँजिओग्राफीत तर हा दाब थेट मोजला होता. कॅथेटर जवनिकेत गेलेला असताना, पंप पूर्ण भरल्या क्षणी दाब २२ मिमी पारा. साधारण १२ पर्यंत असायला हवा. हा आकडा कॅथलॅबच्या कागदावर हाताने लिहिलेला होता, डिस्चार्ज कार्डवर त्याचा पत्ता नव्हता. दम का लागतो याचं उत्तर एका ओळीत हवं असेल तर ते हे: विसाव्याच्या वेळीसुद्धा २२ दाब असलेला पंप मागे फुप्फुसांत दाब ढकलतो. पायऱ्या चढताना तो आणखी वाढतो. स्टेंटचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

छातीतल्या दाटण्याचा मात्र रक्तपुरवठ्याशी आहे, आणि तो भाग जरा सविस्तर सांगायला हवा.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात. तिथून बारीक फांद्या भिंतीत शिरतात आणि सर्वांत आतल्या थरापर्यंत पोचतात. डाव्या बाजूला हा पुरवठा मुख्यतः हृदय सैल असताना होतो. आकुंचनात भिंत स्वतःच आपल्या नळ्या दाबून धरते. आता भिंत जाड झाली. स्नायूचे तंतू फुगले, पण केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. तंतूंच्या मधे चिवट ऊतक साठलं. आतल्या पोकळीतला दाब २२, तो आतल्या थराला बाहेरून रेटतोय. कालव्याचा मुख्य दरवाजा पूर्ण उघडला तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला पाणी येत नाही, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. काकांनाही, म्हणजे या रुग्णालाही, लागलं नाही. स्टेंट दरवाजाला बसला होता. उपाशी होता तो टेलचा थर, आणि पीकही वाढून बसलेलं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त हवं.

निरोगी हृदय गरज पडली तर आपला रक्तपुरवठा तीन-चार पट वाढवू शकतं. जाड हृदयात ही राखीव ताकद आटते. बारीक नळ्या आधीच ताणून उघडलेल्या असतात, आणखी उघडायला जागा उरत नाही.

इथेच स्ट्रेस टेस्टचा घोळ होतो. काकांच्या साध्या ईसीजीत, विश्रांतीतसुद्धा, व्ही-वनमधली खालची लाट आणि व्ही-फाइव्हमधली वरची लाट (ही छातीवर लावायच्या तारांची नावं) मिळून ४० मिमी भरत होती (३५ च्या वर गेलं की स्नायू जाड असल्याची खूण, हा निकष १९४९ पासून वापरात आहे), आणि व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्समध्ये एसटीचा भाग, म्हणजे ठोक्याच्या मोठ्या लाटेनंतरची रेघ, आधीच खाली झुकलेला, त्यापुढची टी लाट उलटी. ‘स्ट्रेन’ म्हणतात त्याला. असा ईसीजी घेऊन माणसाला ट्रेडमिलवर चढवलं की एसटी आणखी खाली जाणारच, धमनी मोकळी असो की बंद. त्या रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहिणारा खोटं लिहीत नाही; चाचणीच या माणसासाठी चुकीची होती. अशा वेळी स्ट्रेस इको किंवा थॅलियमसारखा पर्फ्युजन स्कॅन (स्नायूपर्यंत रक्त पोचतं का ते दाखवणारा) करावा. पण स्कॅन जिल्ह्याच्या ठिकाणी, ट्रेडमिल कोपऱ्यावर. आणि नवीन स्टेंट असलेल्या माणसाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावर अँजिओग्राफी न करण्याचं धाडस कोण करणार? मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. हिवाळ्यात एका रात्री छातीत दुखलं म्हणून काका इमर्जन्सीत गेले होते, तेव्हा ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, किंचित वाढलेलं आलं, तीन तासांनी पुन्हा केलं तर तेवढंच. जाड स्नायूतून ट्रोपोनिन थोडंथोडं कायमच झिरपतं. वाढतं-उतरतं आहे का, हे बघायचं असतं.

आता आरसीए. प्रेशर वायरने मोजलेला एफएफआर, म्हणजे अडथळ्यापलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब, ०.८४ होता. ०.८० किंवा त्याखाली आला तर स्टेंटने फायदा, वर असेल तर थांबा, हा नियम. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेम अभ्यासात १,००५ रुग्णांवर तो घासून पाहिला गेला, आणि कारण नसताना स्टेंट टाकणं त्यामुळे कमी झालं. पण या मोजमापाला एक अट आहे. औषध देऊन बारीक नळ्या पूर्ण सैल केल्यावर रक्त जोरात वाहिलं पाहिजे, तरच अडथळ्याच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक दिसतो. काकांच्या बारीक नळ्या पूर्ण सैल होतच नाहीत. रक्त हवं तेवढं जोरात वाहत नाही, फरक कमी दिसतो, आणि अडथळा आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. म्हणून ०.८४ कडे मी ‘नॉर्मल’ म्हणून पाहिलं नाही. तरी तिथे लगेच स्टेंट टाकावा असंही म्हटलं नाही. ५,१७९ रुग्णांच्या इस्केमिया अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं की स्थिर आजारात आधी औषधांनी सुरुवात केली तर जिवाच्या हिशेबाने काही बिघडत नाही. आधी स्नायूला सांभाळू, मग दाटणं उरलं तर आरसीएकडे बघू, असं मुलाला आणि काकूंना सांगितलं. पुण्याच्या एका नातलगाने “बायपासच करून टाका” असा सल्ला फोनवर दिलेला होता. बायपासही मोठ्या नळ्यांचंच काम आहे. शिवाय जाड हृदय थांबवून ठेवताना आतल्या थरापर्यंत संरक्षक द्रव पोचवणं जड जातं, आणि ऑपरेशननंतर ठोके अनियमित होण्याची भीती जास्त. गरज असेल तेव्हा करावंच लागतं, इथे नव्हती.

हा सगळा खटाटोप कशासाठी? जाड स्नायू दमापुरताच त्रास देतो का? नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून ३,२२० लोकांची माहिती आली. सुरुवातीला त्यांना हृदयविकार नव्हता. उंचीच्या हिशेबाने स्नायूचं वजन दर मीटर उंचीमागे ५० ग्रॅमने वाढलं की पुढच्या चार वर्षांत हृदयरोगाचा धोका साधारण दीडपट होत होता, बीपी आणि बाकीचे घटक धरूनही. १९९५ मध्ये शिकागोतल्या कृष्णवर्णीय रुग्णांवरचा अभ्यास आला आणि तो मला नेहमी आठवतो, कारण त्यात तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या: ब्लॉकेज किती धमन्यांत, पंपिंग किती, स्नायू किती जाड. पुढे मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते स्नायूच्या जाडीचं, अनेक धमन्यांतल्या ब्लॉकेजपेक्षाही. त्या रुग्णांत बीपीचं प्रमाण फार मोठं होतं, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे उचलता येणार नाही. पण आपल्याकडची बीपीची परिस्थिती त्यापासून फार लांब आहे असंही नाही. झटक्यानंतरच्या रुग्णांचं काय होतं ते व्हॅलियंट अभ्यासाच्या इको भागात दिसलं. ६०३ रुग्णांत, ज्यांची भिंत अशी आतल्या बाजूला जाड झाली होती त्यांचे हाल सर्वांत वाईट झाले.

जाड स्नायू असलेल्या माणसाला स्टेंट टाकला किंवा बायपास केली तरी त्याचं नशीब बारीक भिंतवाल्यासारखं होत नाही, ते याच कारणाने. नळीचं काम झालं, तरी उरलेल्या आयुष्यावर हार्ट फेल्युअर, अनियमित ठोके आणि अचानक मृत्यू यांचं सावट राहतं. यातला किती भाग स्नायूचा आणि किती त्यामागच्या बीपी, साखर, मूत्रपिंडाचा, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. ओपीडीत तशी गरजही पडत नाही, उपचार दोन्हीकडे तोच.

पण आधी एक खात्री. भिंत जाड होण्याची इतरही कारणं असतात आणि त्यांचे उपचार वेगळे. महाधमनीची झडप अरुंद असेल तर गोळ्यांनी काही होत नाही. काकांची झडप ठीक होती. आनुवंशिक आजारात भिंत बहुधा १५ मिमीच्या वर जाते आणि एकाच बाजूला जास्त. इथे १३ आणि सारखी, घरात तरुणपणी अचानक गेलेलं कोणी नाही. अमायलॉइडमध्ये, म्हणजे स्नायूत विकृत प्रथिन साठण्याच्या आजारात, भिंत जाड दिसते पण ईसीजीच्या लाटा बुटक्या येतात. इथे ४० मिमी. बारा वर्षांचं बीपी, लघवीत थोडं अल्ब्युमिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती.

बारा वर्षांच्या बीपीवर उपचार चालू होते, मग भिंत जाड कशी झाली? इथे मी काकूंना घरातली गोळ्यांची पिशवी घेऊन यायला सांगितलं आणि टेबलावर उलटी केली. टेल्मिसार्टन ४०, मेटोप्रोलोल २५, अॅटोर्वास्टॅटिन, मेटफॉर्मिन, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. अमलोडिपिनची अर्धी स्ट्रिप. ती जूनमध्ये बंद झाली होती, कारण हॉस्पिटलात बीपी ११०/७० आलं. तिथे पलंगावर पडून, आळणी जेवून, रात्री झोपून कोणाचंही बीपी ११० येईल. घरी आल्यावर कोणी ती पुन्हा सुरू केली नाही. आणि पिशवीच्या तळाशी डायक्लोफेनॅकच्या तीन रिकाम्या स्ट्रिप. गुडघे दुखतात, मेडिकलवाला देतो, रात्रपाळीला बसून बसून जास्तच दुखतात. ही गोळी बीपी वाढवते, पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडावर ताण आणते, टेल्मिसार्टनचा परिणाम बोथट करते, आणि दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्यांच्या जोडीला पोटात रक्तस्राव करू शकते. इतकी कामं एक गोळी करते. डिस्चार्ज कार्डवर तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

हंगामात पाळ्या बदलतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की सकाळची गोळी दुपारी, दुपारची कधी नाहीच. डबा घरचा, भाकरी-भाजी. पण सोबत सांडगी मिरची, पापड, खर्डा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काकूंनी हिशेब केला तर निम्मं मीठ नुसत्या तोंडी लावण्यातच जात होतं.

ओपीडीत बीपी १६८/९६ होतं. एका मोजमापावर विश्वास नको म्हणून मुलाने घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं. सकाळची सरासरी १५८/९२. नाडी ८२. रात्री घोरतात का? “शेजारच्या घरात ऐकू येतं,” काकू म्हणाल्या. झोपेची तपासणी पुढे झाली. मध्यम दर्जाचा स्लीप अॅप्नीया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, निघाला. त्यासाठीचं श्वासाचं मशीन मात्र त्यांनी आजतागायत घेतलेलं नाही.

उपचारात कुठलंच नवलाचं औषध नव्हतं. डायक्लोफेनॅक बंद, त्याजागी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. टेल्मिसार्टन ८०. अमलोडिपिन ५ परत सुरू. दोन आठवड्यांनी लघवी वाढवून बीपी उतरवणारं क्लोरथॅलिडोन १२.५. मेटोप्रोलोल ५०, कारण ठोके मंदावले की हृदय सैल असण्याचा वेळ वाढतो आणि त्याच वेळात आतल्या थराला रक्त मिळतं. टेल्मिसार्टनसारखं सरटान गटातलं औषध निवडण्यामागे लाइफ अभ्यास आहे. २००२ मध्ये आला. ईसीजीवर स्नायू जाड दिसणारे ९,१९३ बीपीचे रुग्ण, अर्ध्यांना लोसार्टन, अर्ध्यांना अॅटेनोलोल. बीपी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं, तरी लोसार्टनच्या बाजूला मृत्यू, झटका आणि पक्षाघात मिळून १३ टक्क्यांनी कमी, नुसता पक्षाघात २५ टक्क्यांनी कमी. पुढच्या विश्लेषणात ज्यांच्या ईसीजीवरची जाडी उतरली त्यांचं भलं झालं असंही दिसलं. ते रुग्ण स्टेंटवाले म्हणून निवडलेले नव्हते, हे लक्षात ठेवून मी हा आधार घेतो.

महिन्याभराने एम्पाग्लिफ्लोझिन जोडलं. साखर होतीच, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ७.४. शिवाय मधुमेह आणि कोरोनरी आजार दोन्ही असलेल्या ९७ रुग्णांवरच्या एम्पा-हार्ट चाचणीत सहा महिन्यांत एमआरआयवर स्नायूचं वजन घटलेलं दिसलं होतं. अभ्यास छोटा, पण नेमका अशाच माणसांचा. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी परवडण्यासारखी झाली, नाहीतर चिठ्ठीवर लिहून उपयोग नव्हता. स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर आणली ते चांगलंच झालं; पण स्टेंट एकदा बसतो, गोळ्या दर महिन्याला लागतात, आणि कारकुनाच्या पगारातून त्याच जड जातात.

एप्रिलमध्ये गडबड झाली. ऊन ४० च्या पुढे, काका शेतावर गेले होते, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. बीपी १०४/६२. कोणी म्हणेल, जितकं कमी तितकं चांगलं. या हृदयाला नाही. आतल्या थराला रक्त ढकलतो तो खालचा, डायस्टोलिक दाब. आतून २२ चा उलटा रेटा, वर आरसीएत निम्मं ब्लॉकेज. डायस्टोलिक ६० च्या आसपास गेला तर टेलला काय पोचणार? स्थिर कोरोनरी आजार असलेल्या २२,६७२ बीपीच्या रुग्णांची क्लॅरिफाय नोंदणी २०१६ मध्ये आली; तिच्यात वरचं बीपी १२० च्या खाली किंवा खालचं ७० च्या खाली असलेल्यांना त्रास जास्त झालेला दिसला. नोंदणी म्हणजे कारण-परिणामाचा पुरावा नव्हे, आजारी माणसाचं बीपी आपोआपही उतरतं. तरी जाड भिंत आणि उरलेलं ब्लॉकेज एकत्र असताना मी ७० ही रेघ पाळतो. क्लोरथॅलिडोन निम्मं केलं, उन्हाळ्यापुरतं. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम तपासलं. मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ वापरू का, असं मुलाने विचारलं. त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टन ८० आणि क्रिएटिनिन १.३ असताना नको, असं सांगितलं.

ऑगस्टमध्ये घोट्यांवर सूज आली म्हणून काकांनी स्वतःच अमलोडिपिन बंद केलं आणि महिनाभर सांगितलं नाही. बीपीच्या वहीवरून कळलं: आकडे अचानक १५० ला. सिल्निडिपिन दिलं, सूज उतरली, आकडेही. वही नसती तर पुढच्या हंगामापर्यंत पत्ता लागला नसता.

पुढच्या मार्चमध्ये, हंगाम संपल्यावर, त्याच मशीनवर, त्याच सोनोग्राफरकडून इको केला. भिंती १२ आणि १२, पोकळी ४८. वजन साधारण २१९ ग्रॅम, निर्देशांक १३५ वरून १२०. अजून ११५ च्या वरच. शिवाय १ मिमी हा फरक तपासणाऱ्याच्या हाताने, कोनानेही पडू शकतो, आणि सूत्रात घन असल्यामुळे तेवढ्यानेही आकडा बराच हलतो. म्हणून एवढ्यावरच मी स्नायू आटला असं म्हणणार नाही. पण सोबत इ बाय इ-प्राइम १६ वरून १२ वर आला, ईसीजीवरच्या लाटा ४० वरून ३४ वर, लघवीतलं अल्ब्युमिन कमी. सगळे एकाच दिशेने बोलत असले की विश्वास ठेवावा. घरचं बीपी सरासरी १२८/७६. काटाघराच्या पायऱ्या ते न थांबता चढतात. दाटणं गेलं, आरसीएला हात लावायची वेळ आली नाही. घाईने जिना चढला तर दम अजून लागतो.

क्लोपिडोग्रेल आधीच थांबवलं होतं. स्टेंट स्थिर आजारासाठी बसला होता, झटक्यात नव्हे, म्हणून सहा महिने पुरे होते. अॅस्पिरिन चालू.

आता प्रश्न गुडघ्यांचा. डायक्लोफेनॅक बंद केल्यापासून दुखणं वाढलंय, हाडांच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलाय. स्टेंटला सहा महिने केव्हाच उलटून गेले, त्यामुळे तेवढ्यावरून अडत नाही. भूलतज्ज्ञांना मी जे पत्र दिलं त्यात ‘अँजिओप्लास्टी झालेली, स्टेंट मोकळा, पंपिंग ६० टक्के, फिट’ एवढं लिहिता आलं असतं. बहुतेक फिटनेस तसेच असतात. त्याऐवजी लिहिलं: भिंत जाड आणि ताठ आहे, गेल्या वर्षी भरतानाचा दाब २२ होता, आरसीएत ब्लॉकेज शिल्लक आहे. कमरेतून भूल देताना डायस्टोलिक ७० च्या खाली राहू देऊ नका, पण बीपी पडलं म्हणून सलाइन भराभर सोडूही नका, फुप्फुसात पाणी होईल. दाब वाढवायचं औषध हाताशी ठेवा. ठोके वाढू देऊ नका, मेटोप्रोलोल ऑपरेशनच्या सकाळीही द्या. टेल्मिसार्टन आदल्या दिवशी थांबवा. एम्पाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी. स्लीप अॅप्नीया आहे, मशीन नाही, तेव्हा पहिल्या रात्री लक्ष ठेवा. आणि नंतर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन लिहू नका.

तारीख दिवाळीनंतरची मागितली होती. काका म्हणाले, हंगाम तोंडावर आहे, रजा मिळणार नाही. एप्रिल ठरलाय. त्याआधी फेब्रुवारीत इको, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम.